घोडेस्वाराची गिन्नी : आधी आवर्धक भिंग, मग सराफ

ताई, तुमच्या आजीच्या डब्यातलं १९१८ सालचं, घोडेस्वार नि ड्रॅगनवालं नाणं म्हणजे आपली गिन्नी, ब्रिटिश सॉव्हरिन. नौपाड्यातल्या सराफाने 'मोडीचा भाव देतो' म्हटलं म्हणून लगेच देऊन टाकू नका!

आधी भिंग घ्या. घोड्याच्या पायाखाली जमिनीची रेघ आहे ना, तिच्यावर, सालाच्या मध्याच्या बरोबर वर बारीकसं इंग्रजी 'आय' (I) अक्षर दिसतंय का? दिसलं तर ती मुंबईत पाडलेली. रॉयल मिंट म्हणजे ब्रिटिश सरकारी टांकसाळ, तिच्या मुंबई शाखेच्या गिन्न्यांवर फक्त १९१८ हेच साल असतं. उजवीकडे 'बी. पी.' दिसेल, ती हे चित्र कोरणाऱ्या बेनेदेत्तो पिस्त्रुचीची आद्याक्षरं.

वजन ७.९८८ ग्रॅम, व्यास २२.०५ मिमी, सोनं २२ कॅरेट. वापराने किंचित झीज चालते. सराफाच्या कसोटीवर (सोनं घासून पाहायच्या दगडावर) मात्र विसंबू नका. ती सोन्याचा कस सांगते, नाण्याचा खरेपणा नाही. बऱ्याच नकली गिन्न्यांतही सोनं चोख असतं. त्यांची अक्षरं बुळबुळीत नि कडेच्या रेघा ओबडधोबड असतात. ओतीव असेल तर भिंगाखाली बारीक खड्डेही दिसतात.

घरी करण्यासारखं एक : काट्यावर पाण्याचा पेला ठेवून काटा शून्यावर आणा, गिन्नी दोऱ्याने पाण्यात लोंबकळत धरा, तळाला टेकू देऊ नका. काटा ०.४५ ग्रॅमच्या आसपास दाखवायला हवा. काटा दोन दशांश स्थळं दाखवणारा हवा, भाजीवाल्याचा नको.

आणि चिंच-रिठ्याने घासू नका. आमच्या घरच्या गिन्नीला पोहेहारात ओवण्यासाठी कडी डाखलेली (धातू वितळवून जोडलेली) निघाली, म्हणून संग्राहकाने हातात घेऊन तशीच परत दिली. तुमचीला डाख आहे का?