चिनी भाषकांसाठी इंग्रजी शब्दांची उदाहरणवाक्यं कशी निवडावीत?

अक्षरवेल

मंडळी, मँडरिन मातृभाषा असलेल्या मोठ्या वयाच्या विद्यार्थ्यांसाठी इंग्रजी शब्दांचा संच तयार करायचा आहे. 2013 साली आलेल्या न्यू जनरल सर्व्हिस लिस्ट या नेहमीच्या इंग्रजी शब्दांच्या यादीतल्या सुमारे 2800 शब्दांतून 600 निवडलेत. विद्यार्थ्यांना साधं इंग्रजी वाचता येतं, बोलताना-लिहिताना मात्र शब्द चुकतात. सध्या अंकी या उजळणीच्या ॲपमधल्या प्रत्येक कार्डावर शब्द, त्याचा चिनी अर्थ आणि एक वाक्य आहे. वाक्य पाठ होतं, पण शब्द वापरता येत नाही. 'टर्न ऑन' पाठ असूनही 'ओपन द लाइट' येतंच, 'ॲडव्हाइस'चं वाक्य घडाघडा म्हणून पुढच्याच ओळीत 'ॲन ॲडव्हाइस'.

वाक्य किती लांब असावं, एका शब्दाला किती वाक्यं द्यावीत, चिनी भाषांतर कुठे ठेवावं, आणि वाक्यं तयार घ्यावीत की स्वतः लिहावीत? जाणकारांनी सांगावं.

दूरदेशी

सगळ्या 600 शब्दांवर सारखी मेहनत करू नका. 'ब्रिज', 'सॉल्ट' अशा शब्दांना चित्र पुरतं. वाक्याची खरी गरज आहे ती चिनीतला एकच शब्द इंग्रजीत फुटून चार-पाच होतात तिथे.

तुमचं 'ओपन द लाइट' त्यातलंच. चिनी 'खाय' दाराला, दिव्याला, गाडीला आणि मीटिंगलाही चालतं. इंग्रजीत दार 'ओपन', दिवा 'टर्न ऑन', गाडी 'ड्राइव्ह', मीटिंग 'होल्ड' किंवा 'हॅव'. 'खान'चंही तसंच: पुस्तक 'रीड', टीव्ही 'वॉच', डॉक्टर 'सी', मित्राकडे जाणं 'व्हिजिट'. 'च्ये' म्हणजे उसनं घेणंही आणि देणंही, त्यामुळे 'बॉरो' आणि 'लेंड' यांची कायमची अदलाबदल. या जोडीच्या वाक्यात वस्तू कुठून कुठे गेली ते दिसायलाच हवं: 'शी बॉरोड अ पेन फ्रॉम हर टीचर.' नुसतं 'शी बॉरोड अ पेन' लिहिलं तर दिशा कळत नाही.

हे चार-पाच शब्द एकाच दिवशी शिकवू नका. जवळच्या अर्थाचे नवे शब्द एकत्र आले की एकमेकांत मिसळतात. 'वॉच' पक्का झाला की मग 'सी' आणा.

दुसरा ढीग चिनीची घडण इंग्रजीत ओढून आणली जाते अशा शब्दांचा. चिनीत कोणाशी तरी संपर्क करतात, म्हणून 'कॉन्टॅक्ट विथ मी'. कोणासाठी तरी सेवा करतात, म्हणून 'सर्व्ह फॉर द पीपल'. 'मॅरी विथ' हीसुद्धा त्यातलीच चूक, आणि मराठीतही लग्न कोणाशी तरी होत असल्यामुळे ती आपल्या कानांना खटकत नाही. म्हणून मराठी कानावर विसंबून ढीग लावू नका. आपण औषध 'घेतो', म्हणून 'टेक मेडिसिन'साठी वेगळं कार्ड करावं असं आपल्याला सुचतच नाही. चिनीत औषध 'खातात', आणि 'ईट मेडिसिन' तिथून येतं.

'ॲडव्हाइस', 'फर्निचर', 'इन्फॉर्मेशन' या 'अ-ॲन' न लागणाऱ्या शब्दांचं कोडं विद्यार्थ्याच्या भाषेतूनच सुटतं. चिनीत संख्या आणि नाम यांच्यामध्ये परिमाणाचा शब्द लागतो, सल्ल्यालाही. तेव्हा वाक्यातच 'अ पीस ऑफ ॲडव्हाइस' घाला. 'शी गेव्ह मी अ यूजफुल पीस ऑफ ॲडव्हाइस' ही रचना त्याला घरची वाटते आणि 'ॲन' लावायला जागाच उरत नाही.

कोरा कागद

लांबी आठ ते बारा शब्द. दहा शब्दांच्या वाक्यात शिकवायच्या शब्दाखेरीज आणखी एक अनोळखी शब्द शिरला की पाचवा हिस्सा अंधारात गेला. वाक्य लिहून झालं की त्यातला प्रत्येक शब्द विद्यार्थ्याला येणाऱ्या शब्दांच्या यादीशी ताडून बघा. कंटाळवाणं काम आहे, पण ते टाळलं की संच हमखास फसतो.

दुसरी चाचणी: शब्द झाका आणि तिथे दुसरे किती शब्द बसतात ते मोजा. 'वी कान्ट अफोर्ड इट' यात 'सी', 'फाइंड', 'डू', काहीही बसतं. असं वाक्य शंभरदा वाचूनही शब्दाबद्दल काही कळत नाही. आता हे बघा: 'दे लाइक द हाउस, बट दे कान्ट अफोर्ड टू बाय इट.' घर आवडलंय, तरी घेता येत नाही, म्हणजे अडचण पैशाची. शिवाय 'कान्ट' आणि 'टू बाय' ही शब्दाची नेहमीची सोबतही आली.

तयार वाक्यांबद्दल. टाटोएबा या भाषांतरित वाक्यांच्या संकेतस्थळावर इंग्रजी-चिनी जोड्या भरपूर आहेत, पण पुष्कळ जोड्या तिसऱ्या भाषेतून आडवळणाने जुळलेल्या असतात. थेट जोड आहे का आणि वाक्य लिहिणाऱ्याची ती मातृभाषा आहे का, हे दोन्ही तपासा. संच प्रसिद्ध करणार असाल तर परवान्याप्रमाणे श्रेयही द्यावं लागतं. कोका या अमेरिकन इंग्रजीच्या मजकूरसंग्रहात 1990 ते 2019 पर्यंतचा मजकूर आहे, शंभर कोटींहून जास्त शब्द. तिथून वाक्यं उचलू नका, ती लांबलचक आणि संदर्भाला चिकटलेली असतात. शब्दाशेजारी कोणते शब्द वारंवार येतात एवढं तिथे बघा, वाक्य स्वतः लिहा आणि इंग्रजी मातृभाषा असलेल्या माणसाकडून वाचून घ्या.

निशिगंध

भाषांतर हवंच, पण पूर्ण वाक्याचं आणि बोलीतल्या चिनीत. शब्दाखाली शब्द ठेवला की 'ओपन द लाइट' पुन्हा हजर.

एक ठिकाण फार जपून हाताळा. चिनी क्रियापदाला काळाची रूपं नाहीत, आणि 'ल' हा छोटा शब्द म्हणजे भूतकाळ असं समजून केलेली भाषांतरं विद्यार्थ्याला आडरानात नेतात. 'आय लिव्ह्ड हिअर फॉर थ्री इयर्स' आणि 'आय हॅव लिव्ह्ड हिअर फॉर थ्री इयर्स' ही वाक्यं घ्या. दोन्हींच्या चिनी भाषांतरात क्रियापदानंतर 'ल' येऊ शकतो. दुसऱ्यात वाक्याच्या शेवटी आणखी एक 'ल' लागतो, आणि अजून इथेच राहतोय हे त्यावरूनच समजतं. भाषांतरकाराने तो शेवटचा 'ल' गाळला तर दोन वाक्यांचं चिनी एकसारखं दिसतं. मग इंग्रजीत फरक का केलाय, याचा उलगडा विद्यार्थ्याला कसा व्हावा?

भाषांतराची जागा कार्डाच्या मागे. पुढे ते अख्खं ठेवलं की डोळे थेट चिनीवर जातात आणि इंग्रजी वाचलंच जात नाही. पुढे गाळलेली जागा असलेलं इंग्रजी वाक्य आणि फार तर दोन-चार चिनी अक्षरांची खूण ठेवा.

तैवानचे विद्यार्थी असतील तर फक्त लिपी बदलून भागत नाही. 'थूतोउ' म्हणजे चीनमध्ये बटाटा, तैवानमध्ये बहुधा शेंगदाणा. आपोआप लिपी बदलणारं साधन अक्षरं बदलतं, शब्द बहुतेक तसेच ठेवतं.

दूरदेशी

निशिगंध, खुणेबद्दल थोडा मतभेद. 'खाय', 'खान' अशा शब्दांना चिनी खूण दिलीत तर तोच एक शब्द चार कार्डांवर दिसणार, आणि वेगळं काय करायचंय ते कळणार नाही. तिथे इंग्रजी शब्दाचं पहिलं अक्षर द्या. बाकी शब्दांना तुमची पद्धत योग्य.

'जरी… तरी'सारखी जोडी चिनीतही आहे, 'स्वेइरान… तानश'. म्हणून आपल्यासारखीच त्यांचीही 'ऑल्दो… बट' ही चूक होते. कार्डावर चुकीचं वाक्य मात्र छापू नका, तेच डोक्यात बसतं. 'ऑल्दो इट वॉज रेनिंग, वी वेंट आउट' एवढं द्या आणि मागे चिनीत एक ओळ लिहा: मध्ये 'बट' येत नाही.

शब्दपारखी

आवाजाबद्दल कोणीच बोललेलं नाही. मँडरिनमधलं अक्षर स्वराने, 'न्'ने किंवा 'ङ्'ने संपतं, क्वचित 'र'ने. त्यामुळे 'वर्क्ड'च्या शेवटचा 'ट्' त्यांना ऐकूच येत नाही आणि मग लिहिलाही जात नाही. पहिलं वाक्य असं निवडा की रूपानंतर लगेच स्वर येईल: 'शी वर्क्ड ॲट अ बँक.' इथे 'ट्' पुढच्या 'ॲ'ला जोडून स्पष्ट ऐकू येतो. 'वर्क्ड देअर'मध्ये तो बुडतो, ते वाक्य नंतर. कँटोनीज भाषकांची अडचण वेगळी असते, कारण त्यांच्याकडे 'प्', 'त्', 'क्'ने संपणारी अक्षरं आहेत.

'ही' आणि 'शी' दोन्हींना बोलीत 'था'च म्हणतात. त्यामुळे वाक्यांत दोन्ही येऊ द्या आणि सोबत 'हर ब्रदर', 'हिज वाइफ' असा पुरावा ठेवा.

मोठ्या आकड्यांची कार्डं वेगळी करा. चिनी मोजणी दहा हजाराच्या 'वान'वर चालते, मिलियन म्हणजे शंभर वान. आपल्या दहा लाखांसारखीच उडी मारावी लागते, आणि ती सरावाशिवाय जमत नाही.

अक्षरवेल

फार उपयोगी, आभार! ढीग लावायला घेतलेत. वाक्यांच्या संख्येचं तेवढं राहिलं. तीन वाक्यं दिली तर ती एकाच दिवशी येऊ नयेत, हे अंकीत कसं जमवायचं?

कोरा कागद

सरळ जोड लागणाऱ्या शब्दांना एक वाक्य पुरे, फुटणाऱ्यांना तीन. तिन्ही वाक्यं एकाच नोटमध्ये (अंकीतली एका शब्दाची नोंद) वेगवेगळ्या फील्डमध्ये (रकान्यांत) ठेवा आणि त्यांची तीन कार्डं करा. डेकच्या (कार्डांच्या संचाच्या) पर्यायांत नव्या आणि उजळणीच्या, दोन्ही भावंड-कार्डांसाठी (एकाच नोटमधून झालेल्या) 'बरी' (Bury) चालू करा, म्हणजे एक कार्ड आलं की त्याची भावंडं दुसऱ्या दिवसावर जातात. पण एका दिवसाचं अंतर अपुरं आहे. दुसरं आणि तिसरं कार्ड सुरुवातीला सस्पेंड (तात्पुरतं बंद) ठेवा. पहिल्याच्या दोन उजळण्यांमधलं अंतर आठवड्यापुढे गेलं की दुसरं उघडा.

तिसऱ्या कार्डावर तयार वाक्य नको. दुसऱ्या वाक्यातली एकच गोष्ट बदलून विद्यार्थ्याने स्वतः लिहायचं: आधी कर्ता, पुढच्या वेळी कर्म. एकदम सगळं बदलायला सांगितलं की तो मनात चिनी वाक्य रचतो आणि त्याचं भाषांतर करतो. ही वाक्यं अंकी तपासू शकत नाही, त्यामुळे आठवड्यातून एकदा ती मागवून घ्या आणि तुम्ही स्वतः वाचा.