मदत हवी आहे: बारा दिवसांवर कार्यक्रम आणि आवाज बसलाय

नवी_पालवी
बारा दिवसांनी दोन गाणी म्हणायची आहेत, सगळ्यांसमोर, आयुष्यात पहिल्यांदा. रोज सराव चालू आहे, पण अर्ध्या तासात घसा दुखायला लागतो. वरच्या सुरांना आवाज फाटतो, सकाळी तर घोगराच असतो. गुळण्या, वाफ, सगळं करून झालं. काल नुसत्या तालमीलाच हातपाय गळाले. काय केलं की आवाज लगेच मोकळा होईल? कृपया ‘धीर धरा’ म्हणू नका, वेळ नाहीये.

मंद्रसप्तक
स्त्री की पुरुष? पट्टी कोणती, म्हणजे सा कुठल्या सुरावर धरता? कुणाकडे शिकता की स्वतःचं स्वतः? यातलं काहीच लिहिलेलं नाही, मग सांगायचं कशावरून?

खर्जवाला
पट्टी नंतर बघता येईल. पहाटे उठा आणि तानपुऱ्याबरोबर खर्ज लावा. मंद्र सा, म्हणजे खालच्या सप्तकातला सा, एका श्वासात टिकेल तेवढा, असं चाळीस मिनिटं. मी सात वर्षं करतोय, एकदाही आवाज बसलेला नाही.

स्वरतंतू
चाळीस मिनिटं? बसलेल्या आवाजावर? नको हो. खर्जाबद्दल मलाही आदर आहे, पण मुरगळलेल्या पायाला कुणी दौड सांगत नाही. मी वाचाउपचाराचं काम करते. पालवी, एवढंच सांगा: घोगरेपणा किती दिवस आहे? दिवसभर बोलायचं काम आहे का? छातीत जळजळ होते का? सर्दीची गोळी चालू आहे का?

ध्वनीवेडा
माइक तोंडापासून चार बोटांवर धरा आणि जाळीभोवती मूठ आवळू नका, फीडबॅक येतो, म्हणजे स्पीकर किंचाळतो. मॉनिटर स्पीकरकडे (गाणाऱ्याला स्वतःचा आवाज ऐकवणारा स्पीकर) माइकचं तोंड कधीही करू नका. नव्या लोकांचा अर्धा कार्यक्रम यातच बिघडतो.

नवी_पालवी
माइकचं विचारलं नव्हतं, पण आभार.
स्त्री. शिक्षक कुणी नाही, कराओके ट्रॅकवर गाते. पट्टी म्हणजे मूळ गाण्याची असेल तीच. शाळेत शिकवते, पाच-सहा तास बोलणं होतं. घरी आल्यावर आवाज वाचवायला कुजबुजत बोलते. रात्री सगळे झोपल्यावर हेडफोन लावून सराव. घोगरेपणाला तीन आठवडे झाले असतील. जळजळ नाही, गोळ्या नाहीत. आता सांगा.

स्वरतंतू
हे आधी लिहिलं असतं तर! सगळं यातच आहे.

कुजबुजणं आजच बंद करा. त्यात बऱ्याच जणांचा घसा उलट जास्त आवळला जातो. हळू पण खऱ्या आवाजात बोला, नाहीतर गप्प बसा. सारखं खाकरू नका, पाण्याचा घोट घ्या. प्यायलेलं पाणी स्वरतंतूंवरून जात नाही, ते अन्ननलिकेत जातं. म्हणून ऐन वेळी बाटली रिकामी करून उपयोग नाही, दिवसभर पीत राहायचं. वाफेतला ओलावा मात्र थेट तिथे पोचतो.

हेडफोन. दोन्ही कानांत ट्रॅक वाजत असला की स्वतःचा आवाज कमी ऐकू येतो आणि आपण नकळत जोर लावतो. गोंगाटात माणूस मोठ्याने बोलतो, हे १९११ साली एतियेन लोम्बार या फ्रेंच डॉक्टरांनी मांडलं होतं, तेच तुमचं रात्री होतंय. एक कान उघडा ठेवा, ट्रॅक बारीक करा.

बोलताना स्त्रीचे स्वरतंतू सेकंदाला साधारण २०० वेळा एकमेकांवर येतात. ४४० हर्ट्झच्या सुराला ४४० वेळा. शाळेत सहा तास झाल्यावर वर हे, तेही जोर लावून.

आणि तीन आठवडे म्हणजे कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवायची वेळ झाली. दुर्बिणीतून बघतील. घसा बधिर करणाऱ्या गोळ्या चघळून गाऊ नका, दुखणं कळेनासं होतं आणि इजा वाढते.

तोवर गाणं बंद. फक्त पातळ स्ट्रॉचं टोक ग्लासातल्या पाण्यात दोन बोटं खोल बुडवून बुडबुडे काढत ‘ऊ’, सोप्या सुरांत, दोन-तीन मिनिटं, दिवसातून चार वेळा.

खर्जवाला
पिढ्यान्‌पिढ्या गाणारे खर्जावर तयार झाले. त्यांनी नळीत बुडबुडे काढले नव्हते.

स्वरतंतू
त्यांच्यासमोर गुरू बसलेले असायचे, चुकीचा जोर लागला की तिथेच थांबवणारे. पालवी एकट्या आहेत.

रसिक_श्रोता
स्वरतंतूंचं ऑपरेशनही होतं. इंग्लिश गायिका अडेलचं २०११ मध्ये झालं आणि २०१२ च्या ग्रॅमीत ती परत गायली, सहा पुरस्कार मिळाले.

अवरोही
सगळ्यांचं तसं होत नाही. गायिका-अभिनेत्री ज्युली अँड्र्यूज १९९७ च्या शस्त्रक्रियेनंतर पूर्वीसारख्या गाऊ शकल्या नाहीत.

नवी_पालवी
ऑपरेशन?? मला रडू यायला लागलंय.

मंद्रसप्तक
अहो, घाबरवू नका त्यांना. पालवीताई, आधी दाखवून या. नंतर पट्टीचं बोलू, कारण मला तिथेच शंका आहे. अ‍ॅपमध्ये ट्रॅकची पट्टी उतरवता येते. एकेक घर, म्हणजे पेटीवरचा एकेक सूर (काळे-पांढरे दोन्ही धरून), खाली आणून बघा, सगळ्यात वरची ओळ बोलल्यासारखी सहज निघते का.

नवी_पालवी
पट्टी उतरवली तर लोक म्हणतील ना, हिचा आवाज पोचत नाही?

मंद्रसप्तक
ऐकणाऱ्यांना सूर लागलेला कळतो आणि ओढलेला कळतो. पेटीची काळी चार की पांढरी चार, ते कुणी मोजत नाही. मी पहिल्या कार्यक्रमात हट्टाने मूळ पट्टी धरली होती. अंतऱ्यात आवाज फाटला आणि पुढचे शब्दच आठवेनात. वरची ओळ येतेय या धास्तीनेच हातपाय गळतात. ती जागा सोपी झाली की निम्मी भीती तिथेच जाते.

उरलेल्या निम्मीसाठी पहिली ओळ झोपेतून उठवलं तरी आली पाहिजे. आधी एका माणसासमोर गा, मग तिघांसमोर, उभं राहून, हातात काहीतरी माइकसारखं धरून. रेकॉर्ड करून ऐका. आपला आवाज आपल्याला हाडांतूनही ऐकू येतो, म्हणून रेकॉर्डिंग परकं वाटतं, तो दोष नव्हे. नाव पुकारलं की श्वास भरू नका, आधी सावकाश सोडा. घाबरलेला माणूस छाती भरूनच उभा असतो.

नवी_पालवी
सहा दिवसांनी लिहितेय. दुर्बिणीतून पाहिलं, थोडी सूज आहे, गाठी नाहीत. वर्गात मुलांना फळ्यावर लिहून दाखवलं, ती इतकी शांत राहिली की मलाच भरून आलं. सकाळचा घोगरेपणा बराच गेलाय. डॉक्टरांनी थोडं गायला हरकत नाही म्हटल्यावर पहिलं गाणं तीन घरं खाली आणलं, काळी चारवरून पांढरी चारवर. वरची ओळ आली! बहिणीसमोर गायले. दुसरं गाणं मात्र कितीही उतरवलं तरी जमत नाही. वर सोपं झालं की खालचे सूर हरवतात. सोडून देऊ का?

स्वरतंतू
सोडा. सूज उतरत असताना एकच गाणं पुरे.

नवी_पालवी
आयोजकांना आत्ताच कळवलं.

खर्जवाला
कार्यक्रम होऊन आवाज स्वच्छ झाला की मला लिहा. खर्ज पाच मिनिटांपासून सुरू करू, आणि स्वरतंतू ताईंना विचारूनच.