घराचं काम आणि मुक्काम एकाच छताखाली: हा सल्ला सरसकट देऊ नका

गावभागकर:
काल इथं एका पोस्टमध्ये वाचलं: "घराचं काम काढलं म्हणून भाड्याच्या घरात जाणं म्हणजे पैसे कृष्णेत टाकणं. एकेक खोली रिकामी करत जा, घरातच राहा, मालक समोर असला की गवंडी नीट काम करतो." खाली बहुतेकांनी "अगदी बरोबर" लिहिलंय. फरशी आणि रंगापुरतं बरोबर आहे, त्यापुढं नाही.

एकच संडास-बाथरूम असलेल्या घराचा हिशोब मांडा. जुनी टाइल आणि तिच्याखालचा सिमेंटचा थर, म्हणजे कोबा, फोडायला दोन दिवस. पाइपा बदलायला दोन. सीपीव्हीसीचे (गरम पाण्यालाही चालणाऱ्या प्लॅस्टिक पाइपांचे) जोड सोल्युशन लावल्यावर २४ तास सोडायचे, मग हातपंपानं चौरस सेंटिमीटरला १० किलो दाब देऊन तासभर काटा पडतो का बघायचा. वॉटरप्रूफिंगचे दोन हात, दुसरा पहिल्याला आडवा, कोपऱ्यात जाळीची पट्टी. ते वाळलं की ट्रॅपची, म्हणजे पाणी जायच्या जाळीखालच्या भांड्यांची, तोंडं बंद करून पाणी भरायचं आणि ४८ तास, जमलं तर ७२ तास ठेवायचं. मग कोबा, भिंतीची टाइल, तळाची टाइल, सांधे, संडासचं भांडं. कितीही पळवलं तरी पंधरवडा लागतो. घरात माणसं राहत असली की काय गाळलं जातं? पाणी भरून ठेवायची चाचणी. "सोमवारपर्यंत चालू करून द्या" म्हटलं की गवंडी वॉटरप्रूफिंगवर लगेच कोबा ओढतो. पुढं खालच्या छताला ओल आली की तीच टाइल परत फोडायची. घाईनं काम बिघडतं, आणि ती घाई घरात राहण्यामुळंच होते.

शंभरफुटीवाले:
लिहिणं सोपं आहे हो. डिपॉझिट, अकरा महिन्यांचा करार, दोन वेळा टेम्पो, हमाली, गॅस आणि फ्रिज हलवणं हे कोण धरणार? दोन महिन्यांसाठी घर देतो असं म्हणणारा मालक सांगलीत शोधून दाखवा.

मुख्य मुद्दा वेगळाच आहे. काम उक्तं दिलं की गवंड्याची माणसं चार ठिकाणी फिरतात. मालक नसला की गिलाव्यावर पाणी पडत नाही. सिमेंटच्या गिलाव्याला किमान सात दिवस, दिवसातून तीनदा पाणी लागतं. रविवारी, अमावास्येला कोण मारणार? घरातलाच माणूस मारतो. टाइलखाली माल भरला की नुसते पाच ठिपके टाकले, हे त्याच दिवशी बघायला लागतं. नंतर नाण्यानं वाजवून पोकळ आवाज आला तरी उपयोग नाही. बाथरूमचा उतार ट्रॅपकडं फुटाला किमान तीन मिलिमीटर आहे का, हे टाइल बसताना बादलीभर पाणी ओतून कळतं. भिंतीत पाइप आणि वायर कुठून गेली याचे फोटो त्यांच्यासाठी खोदलेली खाच, म्हणजे झिरी, बुजायच्या आत काढायचे. हे सगळं दुसऱ्या गल्लीत राहून होत नाही.

एकच संडास असेल तर आधी दुसरा बांधा. परसात किंवा जिन्याखाली तीन बाय चार फूट पुरतात. ११० मिलिमीटरचा पाइप, चाळीसला एक उतार, जिथं वळण तिथं चेंबर. तो चालू झाला की जुना फोडा. जुनं भांडं काढल्यावर उघड्या पाइपात नुसतं पोतं कोंबू नका, पोतं आत जातं. टोपण लावा, नाहीतर राडारोडा आत पडून चोक होतो आणि दुर्गंधी घरभर येते ती वेगळी.

मिरज_वायरिंग:
दोघंही विजेबद्दल गप्प. राहत्या घरात काम काढलं की फोडकामाचा ब्रेकर, ग्राइंडर आणि मोटर एकाच जुन्या बोर्डावरून चालतात, शेजारी ओला गिलावा आणि उघडी वायर. मीटरनंतर वेगळी तात्पुरती लाइन काढा: दोन पोलचा एमसीबी (जादा भार आला की वीज तोडणारा स्विच), ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच), १६ अँपिअरचे दोन सॉकेट. कामाची मशिनं तिथंच लागली पाहिजेत. ज्या भिंतीला झिरी मारायची तिचं सर्किट आधी बंद, आणि टेस्टर नव्हे, मल्टिमीटर लावून खात्री. वायर बदलताय तर दिव्याला दीड, सॉकेटला अडीच, गिझरला चार चौरस मिलिमीटर, आणि अर्थिंग नवं. आरसीसीबी वारंवार पडतो म्हणून काढून टाकणारे बघितले की डोकं फिरतं. तो पडतोय म्हणजे कुठंतरी करंट गळतोय, आणि त्याच घरात लहान मुलं ओल्या फरशीवर अनवाणी फिरतायत.

पोवईनाका:
साताऱ्यातून एक गोष्ट ठासून सांगतो. विषय धुळीचा आहे. ग्रॅनाइट आणि व्हिट्रिफाइड टाइल कोरडी कापली की सिलिकाची, म्हणजे वाळूतल्या खनिजाची, धूळ उडते. त्यातली जी फुप्फुसात जाते ती डोळ्यांना दिसत नाही आणि तासन् तास हवेत राहते. तोंडाला टॉवेल बांधून ती अडत नाही. कापणं अंगणात, ब्लेडवर पाणी सोडून. कामगारालासुद्धा एन-९५ द्या, तो दिवसभर तिथंच उभा असतो. दाराला जाड प्लॅस्टिक वरून खालपर्यंत चिकटवा, संध्याकाळी कोरडा झाडू नको, ओलं पुसायचं.

दुसरं, जुन्या दारं-खिडक्यांचा ऑइलपेंट. रंगात शिसं ९० पीपीएमच्या (दहा लाख भागांत ९० भागांच्या) आत हवं हा नियम २०१६ सालचा, लागू झाला २०१७ च्या नोव्हेंबरपासून. त्याआधीचा रंग सँडपेपरनं कोरडा घासला तर शिशाची धूळ लहान मुलांच्या पोटात जाते. पाणी मारून वॉटरपेपरनं घासा, नाहीतर तो भाग होईपर्यंत मुलं आणि गरोदर बाई घरात नकोत. यावर वाद घालू नका.

तिसरं, न्हाणीवरचे जुने सिमेंटचे पत्रे हातोड्यानं फोडू नका, त्यात ॲस्बेस्टॉस (फुप्फुसाला घातक तंतू) असतं. पाणी मारून नटबोल्ट सोडवा आणि अख्खे उतरवा.

आणि आमच्याकडच्या जुन्या वाड्यात भिंत काढायची असेल तर मुक्काम हलवायचाच. भार भिंतीवर असतो, कॉलमवर नाही. वरच्या तुळया टेकूवर घेतल्याशिवाय, गर्डर बसून त्याच्या दोन्ही टोकांखालचं काँक्रीट पक्कं झाल्याशिवाय खाली स्वयंपाक करत बसणं जिवावर बेतेल. ११ डिसेंबर १९६७ चा कोयनेचा भूकंप या पट्ट्यातल्या लोकांनी तरी विसरू नये.

शंभरफुटीवाले:
भिंत काढताना बाहेर जावं, हे कबूल. आठ-दहा दिवस नातेवाइकांकडं जा. त्यासाठी दोन महिन्यांचं भाडं कशाला?

खणभाग_तळमजला:
इथं सगळे टाइलवर भांडतायत. सांगलीतल्या आमच्या खणभागाचा खरा प्रश्न भिंती आहेत. ऑगस्ट २०१९ ला आयर्विन पुलाशी कृष्णेची पातळी ५७ फुटांच्या वर गेली, जुलै २०२१ ला परत पूर आला. पुरानंतर ज्याच्या-त्याच्या घराचं काम निघालं आणि गवंड्यांनी ओल्या दगडी भिंतींवर सिमेंटचा गिलावा मारून वर पुट्टी ओढली. आज बघा, कमरेपर्यंत पापुद्रे आणि पांढरा लोणा, म्हणजे भिंतीतून बाहेर आलेले क्षार.

चुन्याची_घाणी:
होणारच. मातीत नाहीतर चुन्यात बांधलेली दीड फुटाची भिंत ओल सोडायला जागा मागते. सिमेंटनं ती बंद केली की ओल वर चढते, क्षार गिलाव्यामागं साठतात आणि गिलावा ढकलून काढतात. पुराच्या खुणेच्या फूट-दीड फूट वरपर्यंत गिलावा काढून भिंत उघडी ठेवायची. लोणा कोरड्या ब्रशनं झाडायचा. पाण्यानं धुतला की तो विरघळून परत आत जातो. वाळण्याचा ढोबळ हिशोब जाडीच्या इंचाला महिना. मग चुन्याचा गिलावा: मुरवलेला चुना एक, चाळलेली वाळू तीन, थोडी सुरखी (विटेची पूड), दहा-बारा मिलिमीटरचा एकेक थर.

कुपवाड_सेंट्रिंग:
चुना भिजवणारा गवंडी आज मिळतो कुठं? मिळाला तरी मजुरी बघा. पुढचा पूर आला की तोही धुऊन जाणार. पुस्तकी सल्ले देऊन गरिबाला खड्ड्यात घालू नका. सिमेंट एक, वाळू सहा, त्यात वॉटरप्रूफ पावडर, विषय संपला.

चुन्याची_घाणी:
विषय संपत नाही, दर दोन वर्षांनी परत गिलावा करायला लागतो म्हणून तुमचा धंदा चालतो. वॉटरप्रूफ पावडर बाहेरचं पाणी अडवते. इथं पाणी भिंतीच्या आत आहे, पायातून वर येतंय. ते अडवून तुम्ही भिंत कुजवताय.

कुपवाड_सेंट्रिंग:
धंद्यावर येऊ नका. पक्क्या विटांच्या, सिमेंटमध्ये बांधलेल्या भिंतीला माझाच गिलावा टिकतो. दगडमातीच्या भिंतीबद्दल तुमचं खरं असेल, पण तसं स्पष्ट लिहा. सरसकट चुना चुना करू नका.

खणभाग_तळमजला:
आणि बाहेर राहा म्हणणाऱ्यांनी हे वाचावं. दीड फुटाची, म्हणजे अठरा इंचांची भिंत दोन्ही बाजूंनी वाळली तरी नऊ महिने. एवढा काळ भाडं कोण भरणार? उघड्या भिंतींच्या घरात राहायलाच लागतं, आणि त्याचा फायदाही आहे. दारं-खिडक्या उघड्या राहतात, पंखे चालतात, भिंत लवकर वाळते. बंद घर ओलंच राहतं.

गावभागकर:
भिंती वाळवण्याचा काळ घरात काढावा, हे मान्य करायला लागतंय. आधी दुसरा संडास, हेही मान्य, पण मूळ पोस्टमध्ये यातलं अक्षर नव्हतं. तिथं "राहा, काही होत नाही" एवढंच होतं.

एक गोष्ट मात्र सोडणार नाही. फर्निचरला पीयू नाहीतर मेलामाइन पॉलिश चालू असताना त्या घरात चूल पेटता कामा नये. थिनरची वाफ हवेपेक्षा जड, जमिनीलगत सरकत दुसऱ्या खोलीत जाते. गॅसचंही तेच. ओटा तोडला म्हणून शेगडी हॉलमध्ये जमिनीवर, सिलिंडर शेजारी आणि पलीकडं ग्राइंडरच्या ठिणग्या, असं चित्र घरोघर दिसतं. शेगडी सिलिंडरच्या वरच्या उंचीला, टेबलावर, सिलिंडर उभा, नळी दीड मीटरपेक्षा लांब नको. पॉलिशच्या दिवसांत डबा बाहेरून आणा आणि झोपायलाही दुसरीकडं जा.

शंभरफुटीवाले:
पॉलिशचे दिवस बाहेर, ठीक. बाकी माझं मत तेच.

मिरज_वायरिंग:
खणभागवाल्यांनी भिंती उघड्या आहेत तोवर बोर्ड २०१९ च्या खुणेच्या वर घ्यावेत आणि वायर वरून खाली उतरवावी. खालून वर नेलेल्या पाइपात पुराचं पाणी साचून राहतं. तळमजल्याचं सर्किट वेगळं ठेवा, म्हणजे पाणी चढायला लागलं की तेवढंच बंद करून वरचा मजला चालू राहील.

चुन्याची_घाणी:
आणि त्या खुणेच्या खाली जिप्समचा गिलावा कुणी सुचवला तर ऐकू नका. पाणी लागलं की तो मऊ पडतो. "याला पाणी मारायला लागत नाही, घरात राहून चार दिवसांत होतं" असं सांगून तळमजल्याला हाच विकला जातोय.