ड्रॅगनबॉर्न: रक्ताचा वारसा की आकाटोशचं दान?

शिलालेख (धागाकर्ता)
'एल्डर स्क्रोल्स' मालिकेतल्या 'स्कायरिम' गेममधलं (२०११) आपलं पात्र ड्रॅगनबॉर्न, म्हणजे मर्त्य देहात ड्रॅगनचा आत्मा असलेलं. ते सेप्टिम या सम्राट-घराण्याचा हरवलेला वंशज, असं मानणारे खूप आहेत. ड्रॅगनचं रक्त आईबापाकडूनच येतं, हे त्यामागचं गृहीतक. मला ते साफ चूक वाटतं; हे दान काळाचा ड्रॅगनदेव आकाटोश देतो. गेम सुरुवातीला दहा वंश देतो, त्यात मांजरासारखे खाजीट आणि सरड्यासारखे आर्गोनियनही आहेत. यांतला कुणीही ड्रॅगनबॉर्न होतो, आणि आईबाप कोण हे कुणी विचारत नाही. व्हाइटरनच्या पश्चिमेच्या टेहळणी बुरुजापाशी मिर्मुल्निर हा ड्रॅगन मरतो, त्याचा आत्मा तुमच्यात शिरतो, तेवढाच पुरावा.

गेममध्येच 'द बुक ऑफ द ड्रॅगनबॉर्न' नावाचं पुस्तक सापडतं. त्यात सरळ लिहिलंय की सिरोडीलचे (साम्राज्याच्या मध्यवर्ती प्रांताचे) सुरुवातीचे राज्यकर्ते सगळे एकमेकांचे नातलग नव्हते. सम्राट रेमान हा पहिली सम्राज्ञी अलेसियाचा वंशज असल्याचाही पुरावा नाही. तशा दंतकथा बहुतेक रेमानच्याच काळातल्या, गादीवरचा हक्क पक्का करण्यासाठी रचलेल्या. टायबर सेप्टिम तर तिसरंच घराणं. तीन घराणी, तीन वेगळ्या सुरुवाती. हा वारसा कसा?

निळावंती
पूर्ण असहमत. मग त्याच मालिकेतल्या 'ऑब्लिव्हियन' गेमची (२००६) गोष्ट उभीच राहत नाही. नवा सम्राट 'अॅम्युलेट ऑफ किंग्ज' हा राजताईत गळ्यात घालतो, टेंपल ऑफ द वनमध्ये जाऊन ड्रॅगनफायर ही ज्योत पेटवतो. सम्राट मेला की ज्योत विझते, वारसाने ती पुन्हा पेटवायची. ती विझलेली राहिली की आपलं जग आणि ऑब्लिव्हियन (डेड्रा या दैत्यांचं जग) यांच्यातला पडदा विरतो, आणि दारं उघडतात.

सम्राट सातवा युरिएल आणि त्याचे तिन्ही औरस मुलगे यांना मिथिक डॉन हा पंथ वेचून मारतो, ते वारस संपवायचे म्हणूनच. सम्राटाच्या रक्षकांचा प्रमुख जॉफ्री आपल्याला क्वाच शहरात धाडतो, कारण तिथला मार्टिन हा युरिएलचा अनौरस मुलगा आहे. चान्सलर ओकाटोकडे सगळा कारभार होता, माणूसही निष्ठावान. हे दान असेल तर त्याला का मिळालं नाही? खेळाडूलाही ते अॅम्युलेट घालता येत नाही, हे प्रत्येकाने करून पाहिलेलं आहे.

चकवा
मिथिक डॉनचा म्होरक्या मान्कर कॅमोरन पॅराडाइज या आपल्या जगात तेच अॅम्युलेट गळ्यात घालून समोर उभा असतो. तो सेप्टिम नाही. गेम याचं सरळ उत्तर देत नाही, पण 'सेप्टिम रक्ताशिवाय अॅम्युलेट गळ्यात राहत नाही' हा नियम तिथे मोडलेला दिसतो.

उलट बाजूही सांगतो. 'एल्डर स्क्रोल्स ऑनलाइन'मध्ये (२०१४) व्हॅरेन अॅक्विलॅरिओस ड्रॅगनबॉर्न नसताना गादीवर बसतो. अॅम्युलेट वापरून विधी केला तर आकाटोश आपल्यालाही ते रक्त देईल, असं मन्निमार्को हा जादूगार त्याला पटवतो. मन्निमार्कोने विधीत आधीच फेरफार केलेला असतो. सोलबर्स्ट हा जादुई स्फोट होतो आणि मोलाग बाल या बलाढ्य डेड्राला टॅमरिएलमध्ये (मालिका घडते त्या खंडात) शिरायला वाट मिळते. म्हणजे हे दान मागून मिळत नाही, असं म्हणावं तर विधी मुळात शुद्ध नव्हता. दोन्ही बाजूंनी हा पुरावा जपून वापरावा.

कवडसा
तुम्ही दोघं दोन वेगळ्या गोष्टींना एकच नाव देताय. एक, करार: अलेसिया आणि आकाटोशचा, अॅम्युलेट आणि ज्योतीचा. दुसरी, मर्त्य देहातला ड्रॅगनचा आत्मा: मेलेल्या ड्रॅगनचा आत्मा शोषून घ्यायचा आणि भिंतीवर वाचलेला शब्द त्या आत्म्याच्या बळावर लगेच वापरायचा. अभ्यासाने शाउट (ड्रॅगनभाषेच्या शब्दांची जादू) 'स्कायरिम'मधल्या बंडखोर उल्फ्रिकलाही येतो, पण त्याला त्यासाठी ग्रेबिअर्ड्स या साधूंपाशी वर्षं घालवावी लागली.

'स्कायरिम'च्या 'ड्रॅगनबॉर्न' या पुरवणी भागातला (डीएलसी, २०१२) मिराक हा पहिला ड्रॅगनबॉर्न, आणि तो ड्रॅगन पंथाच्या काळातला, म्हणजे अलेसियाच्या कितीतरी आधीचा. तेव्हा ना करार होता ना अॅम्युलेट. तरी तो आत्मे शोषतो, तुम्ही मारलेल्या ड्रॅगनचे आत्मे तुमच्या डोळ्यांदेखत पळवतो, आणि शेवटच्या लढाईत आपलेच तीन ड्रॅगन मारून जखमा भरून काढतो. ही शक्ती अलेसियाच्या रक्तातून आली असणं शक्यच नाही.

तांबडफुटी
रक्ताला खरंच वजन देणारा गेम हवा तर दुसरीकडे बघा. 'बाल्डर्स गेट ३'मध्ये (२०२३) ड्रॅकॉनिक ब्लडलाइन ही सॉर्सरर या जादूगार-वर्गाची उपशाखा आहे. पहिल्याच लेव्हलला पूर्वज ड्रॅगनचा रंग निवडायचा. दर लेव्हलला एक हिट पॉइंट जास्त, चिलखत नसताना आर्मर क्लास (बचावाचा आकडा) १३ अधिक डेक्स्टेरिटी (चपळाई). सहाव्या लेव्हलला त्या रंगाच्या (आग, विष वगैरे) हल्ल्याच्या नुकसानीत करिष्म्याचा आकडा मिळवला जातो, अकराव्याला उडता येतं. लोक हिरवा घेऊन फसतात: विषाचे चांगले स्पेल मोजके, त्यात बऱ्याच शत्रूंवर विष चालतच नाही, मग सहाव्या लेव्हलचा फायदा वाया जातो. लाल किंवा सोनेरी घ्या, आगीचे स्पेल शेवटपर्यंत पुरतात. पण गेममधल्या विदर्स या पात्राला १०० सोन्याची नाणी दिली की ब्लडलाइनच बदलते! वंश बदलत नाही, पूर्वज मात्र बदलतो. असल्या रक्ताला काय अर्थ?

'फायर एम्ब्लम: थ्री हाउसेस'ने (२०१९) हे नीट केलंय. तिथे क्रेस्ट (रक्तातून येणारी खास शक्ती) मुळात ड्रॅगनवंशी नाबाटियनांच्या सांडलेल्या रक्तातून आलेले आहेत. एकाच घरात सिल्व्हेनला क्रेस्ट, थोरल्या मिकलानला नाही, म्हणून थोरला वारसाहक्कातून बाद. तो घराण्याचा लान्स ऑफ रुइन हा भाला चोरतो, आणि क्रेस्ट नसल्याने कोनांडच्या मनोऱ्यात तेच हत्यार त्याला श्वापद करून टाकतं.

निळावंती
कवडसा यांचा मिराकचा मुद्दा मान्य, तो मी सोडून देते. पण कराराबद्दल मी ठाम आहे. अलेसियाच्या कथेत आकाटोश म्हणतो ते असं, की तुझं रक्त आणि तुझी शपथ टिकेल तोवर माझंही टिकेल. रक्त तिथे आहेच.

शिलालेख
रक्त आणि शपथ, दोन्ही. आता सेप्टिमांची वंशावळच बघा. टायबरची थेट शाखा पहिल्या पेलाजियसच्या खुनानंतर संपली. गादीवर आली किंटायरा, टायबरच्या भावाची मुलगी. म्हणजे पुढचे सगळे भावाच्या शाखेचे. मग कॅटराया: तिसऱ्या पेलाजियसची डनमर (डार्क एल्फ) बायको, चाळीसहून अधिक वर्षं सम्राज्ञी, सेप्टिम रक्ताचा थेंब नाही. तिचा दुसऱ्या नवऱ्यापासूनचा मुलगा चौथा युरिएल. त्याला सावत्र भाऊ कॅसिंडरने सेप्टिम घराण्यात दत्तक घेतलं, आणि तोही चाळीसहून अधिक वर्षं राज्य करून गेला. या दोघांच्या काळात ऑब्लिव्हियनची दारं उघडल्याचं इतिहासात कुठेही नाही.

निळावंती
कॅटरायाने स्वतः ज्योत पेटवली, की पेलाजियस वेडा होऊन बंदिस्त असताना त्याचीच ज्योत जळत होती? तो मरेपर्यंत ती कारभारीण म्हणून चालवत होती, हे विसरू नका.

शिलालेख
तो मेल्यानंतरही ती दशकानुदशकं गादीवर होती. त्या वर्षांत ज्योत कुणाची?