म्युझियममधला अंधार आणि फोटोबंदी: नुसती दादागिरी?

तलावपाळीकर:
परवा इथेच एकाने लिहिलं, "फोटोबंदी पोस्टकार्डं खपावीत म्हणून आणि मंद दिवे वीजबिल वाचावं म्हणून." डोकं फिरलं, म्हणून वेगळा धागा. अहो, लघुचित्रं, जलरंग, जुनं कापड यांना साधारण ५० लक्सच (लक्स म्हणजे उजेडाचं माप) देतात, तैलचित्रांना २०० पर्यंत. उडालेला रंग परत येत नाही आणि हिशोब साठत जातो: ५० लक्समधले १० तास म्हणजे ५०० लक्समधला १ तास. व्हॅन गॉगच्या 'बेडरूम' या चित्रातल्या भिंती जांभळ्या होत्या. त्यातला लाल उडाला, आता निळ्या दिसतात.

घोडबंदरकर:
दिव्यांचं पटलं. फोटोचं नाही. फ्लॅश बंद केलेला मोबाइल चित्राचं काय खातो? लूव्ह्रमध्ये मोनालिसासमोर दिवसभर मोबाइल वर असतात. व्हॅटिकनच्या सिस्टिन चॅपेलमधल्या चित्रांच्या जीर्णोद्धाराला जपानी टीव्ही कंपनीने पैसे दिले, बदल्यात चित्रीकरणाचे हक्क घेतले. पोस्टकार्डवाला अगदीच खुळा नाही. एका म्युझियममध्ये तर मी कॅमेऱ्याचं वेगळं तिकीट काढलंय. पैसे भरले की रंग उडत नाही वाटतं!

नेरूळची मावशी:
उन्हाची थट्टा नको. आमचा हॉल पश्चिमेचा. सासूबाईंच्या पैठणीचा पदर फ्रेम करून लावला, सहा वर्षांत राणी रंगाचा बिस्किटी झाला. फ्रेमखाली दबलेली बोटभर पट्टी तेवढी अजून राणी. खिडकीला फिल्म लावायची म्हटलं, तर सोसायटी म्हणते बाहेरून काच वेगळी दिसते.

घोडबंदरकर:
कमिटीचं नाव काढू नका! आम्हाला ग्रिल एक इंच पुढे आलं म्हणून नोटीस, आणि सेक्रेटरीची अख्खी बाल्कनी बंद!!

खारघरचा वारा:
मावशी, तसली पारदर्शक फिल्म अतिनील किरण अडवते. पण डोळ्यांना दिसणाऱ्या उजेडानेही रंग उडतो. जाड पडदा लावा.

नेरूळची मावशी:
पडदा लावून अंधारात बसू? दोन बेडरूमचे हप्ते त्यासाठी भरतोय का?

तलावपाळीकर:
धागा म्युझियमचा आहे, ग्रिलचा नाही!
एका फ्लॅशने काही होत नाही, हे मान्य. पण शंभर जणांचे फ्लॅश बंद आहेत का, हे स्टुलावरच्या एकट्या रखवालदाराने कसं बघायचं? अजिंठ्यात फ्लॅशबंदीची पाटी आहे, तरी माझ्यासमोर एकाने चमकवलाच. वर म्हणे, "ऑटोवर होता."

घोडबंदरकर:
बरं महाराज, रखवालदारासाठी बंदी मान्य. चित्रासाठी नाही. मावशी, पदर कपाटात ठेवा. म्युझियमवालेही कापड काही महिने लावून आत ठेवतात.

नेरूळची मावशी:
ठेवला कालच. आता भिंतीवर चौकोन उरलाय. आजूबाजूचा रंगही उडालेला, हे तेव्हा कळलं.