लेयर ३ स्विच म्हणजे राउटर नव्हे
'लेयर ३ स्विच घेतला की राउटर लागतच नाही' असं काहीजण म्हणतात, ते अर्धंच खरं. साधा स्विच घरातली यंत्रं केबलनं एकमेकांना नुसती जोडतो, राउटर एका नेटवर्कमधून दुसऱ्यात वाट काढून देतो, आणि लेयर ३ स्विच म्हणजे राउटरचं थोडं काम करणारा स्विच. असा स्विच एका व्हीलॅनमधून (स्विचवरच पाडलेलं वेगळं नेटवर्क) दुसऱ्यात पॅकेटं, म्हणजे डेटाचे तुकडे, पाठवतो, तेही झपाट्यानं. पण घरात लागतं ते नॅट, म्हणजे एकाच सार्वजनिक आयपीवर (इंटरनेटवरचा पत्ता) घरातल्या सगळ्या यंत्रांची सोय. ते बहुतेक लेयर ३ स्विचांत नसतंच. मी हा उद्योग करून बसलोय, तोही साध्या स्विचवर. मोडेमची केबल थेट त्यात खोचली, लॅपटॉप लगेच चालू, म्हटलं जिंकलो! टीव्ही नि डेस्कटॉप मात्र १६९.२५४ ने सुरू होणारा पत्ता घेऊन बसले. म्हणजे डीएचसीपीकडून (पत्ते आपोआप वाटणारी सेवा) उत्तरच नाही. इंटरनेट कंपनीकडून एकच आयपी मिळत होता, तो लॅपटॉपनं पटकावलेला.

मॅनेज्ड स्विच (ज्यावर आपल्याला व्हीलॅन पाडता येतात तो) असेल तर मात्र एकच लॅन पोर्ट असलेला जुना पीसी राउटर म्हणून चालतो. मोडेम एका व्हीलॅनमध्ये, घर दुसऱ्यात, आणि पीसीच्या पोर्टवर दोन्ही टॅग केलेले, म्हणजे कुठलं पॅकेट कुठल्या व्हीलॅनचं याची खूण लावलेले. फक्त सगळी ये-जा त्या एकाच केबलवरून होते, त्यामुळे गिगाबिट पोर्टवर डाउनलोड आणि अपलोड मिळून एक गिगाबिटच्या वर जात नाही.