तीन वर्कशॉप, एकच टूल-किट: टेंपोत मोजमापाची साधनं खराब होतात

प्रश्न
वागळे इस्टेट, महापे आणि तुर्भे इथे मिळून एकच किट फिरतं. 0-25 मिमीचे दोन मायक्रोमीटर, डायल इंडिकेटर मॅग्नेटिक स्टँडसकट, 20-100 न्यूटन-मीटरचा टॉर्क रेंच, आटे पाडायचा टॅप-डाय सेट आणि 4 इंची बेंच व्हाइस. सगळं एका पत्र्याच्या पेटीत, मध्ये चिंध्या कोंबून. डायलची सुई अडकते, टॅपचे दात उडतात, पावसाळ्यात गंज धरतो. पेटी बदलायची की पद्धत?

टूलरूमवाला
आधी तो व्हाइस बाहेर काढा! पेटीत सुटा असेल तर ठाणे-बेलापूर रोडच्या प्रत्येक खड्ड्याला तो हातोडाच होतो. बेसला भोकं असतातच, 18 मिमी प्लायवर बोल्टने आवळून वेगळा पाठवा.

डायल स्टँडवरून उतरवा. प्लंजरला, म्हणजे खालच्या सरकत्या दांडीला, कशाचाही दाब लागता कामा नये. तो दाबलेला राहिला तर धक्का थेट आतल्या दातांवर जातो, सुई अडकते ती त्यामुळेच. स्टँडचं चुंबक 'ऑफ' करा, नाहीतर बेसला लोखंडाचा भुसा चिकटून येतो.

मायक्रोमीटरची तोंडं मिमीभर उघडी आणि लॉक सैल. बंद तोंडांत ओल अडकते, शिवाय टेंपो उन्हात तापला की फ्रेमवर ताण येतो. टॉर्क रेंच 20 वर आणून ठेवा, त्याखाली फिरवू नका.

फोम_कटर
थर्मोकोल नको, एकदा दबला की परत उठत नाही आणि चुरा सगळीकडे घुसतो. ईपीई फोम (पॉलिथिलीनचा लवचिक फोम) घ्या: तळाला आणि झाकणाला 50 मिमी, बाजूंना 25. खाच टूलपेक्षा एक-दोन मिमी लहान कापा म्हणजे टूल घट्ट बसतं. पेटी हलवून बघा, खडखडाट ऐकू आला तर पॅकिंग झालेलं नाही.

टॅप एकमेकांना लागू देऊ नका. हाय-स्पीड स्टील कडक, म्हणूनच ठिसूळ. लाकडी ठोकळ्यात भोकं पाडून एकेक उभा ठेवा.

टूलरूमवाला
गंजाचं राहिलं. घामाचे ठसे पुसा, तेलाचा पातळ हात फिरवा, मग टूल व्हीसीआय पिशवीत (ही गंज रोखणारी वाफ सोडते) घालून तोंड नीट बंद करा. वाफ पिशवीत कोंडली तरच तिचा उपयोग. वर्तमानपत्रात गुंडाळू नका, तो कागद ओल धरून ठेवतो. चिंध्यांचंही तेच.

प्रश्नकर्ता
आणि पोचल्यावर काय तपासायचं?

फोम_कटर
पेटी उघडून तासभर खोलीच्या तापमानाला येऊ द्या. मग मायक्रोमीटरची तोंडं पुसून शून्य बघा. डायलचा प्लंजर तीन-चारदा दाबून सोडा, सुई दर वेळी त्याच रेघेवर यायला हवी. टॉर्क रेंच नुसता बघून कळत नाही. पडल्याची शंका असेल तर कॅलिब्रेशन करूनच वापरा. झाकणाच्या आत भरलेल्या खाचांचा फोटो चिकटवा, काय आलं नाही ते उतरवून घेतानाच दिसतं.